इन्यो काउंटी, कॅलिफोर्निया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्निया म्हटले की समुद्रकिनारा, हॉलिवूड आणि संगणक कंपन्या डोळ्यांसमोर येतात. त्याच राज्याच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेला लागून असलेल्या इन्यो काउंटीबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागाचा इतिहास, तिथला स्थानिक कारभार आणि पाण्यावरून झालेला एक शतकभराचा संघर्ष समजून घ्यायचा असेल, तर याहून अधिक शिकवणारी जागा माझ्या माहितीत नाही. म्हणून वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

इन्यो काउंटी किती मोठी आहे आणि तिथे किती लोक राहतात?

क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. सॅन बर्नार्डिनोनंतर कॅलिफोर्नियातील ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी काउंटी आहे. २०२०च्या जनगणनेत मात्र येथील लोकसंख्या केवळ १९,०१६ भरली. नगरपालिकेचा दर्जा असलेले एकच शहर येथे आहे, ते म्हणजे बिशप, आणि तेथील नोंदलेली वस्तीही चार हजारांपेक्षा कमी आहे. काउंटीचे मुख्यालय असलेले इंडिपेन्डन्स हे तर हजारापेक्षाही कमी वस्तीचे गाव आहे. त्या गावाच्या हमरस्त्यावर उभी असलेली पांढऱ्या खांबांची भव्य न्यायालयाची इमारत पाहून नवखा प्रवासी चकित होतो.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजायचा का?

नकाशावर पाहायचे तर होय, पण कारभाराच्या दृष्टीने हे साम्य फसवे ठरते. आपल्याकडे जिल्हाधिकारी शासन नेमते आणि त्याची बदलीही शासनच करते. इन्योमध्ये सर्वोच्च सत्ता पाच सदस्यांच्या पर्यवेक्षक मंडळाकडे असते. काउंटीचे पाच मतदारविभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभाग चार वर्षांसाठी एक पर्यवेक्षक निवडतो. हेच मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, स्थानिक नियम करते आणि जमीन वापराचे निर्णय घेते. रोजचे प्रशासन चालवण्यासाठी ते एका मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याची नेमणूक करते.

याखेरीज कायदा व सुव्यवस्था पाहणारा शेरीफ, सरकारी खटले चालवणारा जिल्हा वकील, मालमत्तेचे मूल्यांकन करणारा असेसर, कोषागार व करवसुली अधिकारी, लेखापाल, निवडणुका व नोंदणी पाहणारा क्लार्क आणि मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हे सगळे थेट लोकांनी निवडलेले असतात. या निवडणुका पक्षचिन्हावर लढवल्या जात नाहीत. शेरीफ हा पर्यवेक्षक मंडळाच्या हाताखालचा नोकर नसून मतदारांना उत्तरदायी असतो, ही गोष्ट आपल्या पोलीस यंत्रणेशी ताडून पाहण्याजोगी आहे.

भूगोलाच्या दृष्टीने येथे विशेष काय आहे?

अलास्का आणि हवाई वगळता उरलेल्या अमेरिकेतील सर्वांत उंच बिंदू आणि संपूर्ण उत्तर अमेरिका खंडातील सर्वांत खोल भूभाग हे दोन्ही याच काउंटीत आहेत. पश्चिम सीमेवर ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी शिखर उभे आहे, तर पूर्वेकडे डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर हे ठिकाण समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. हवाई अंतराने या दोन्ही जागा दीडशे किलोमीटरच्याही आत आहेत.

सिएरा नेवाडा पर्वताची भिंत पॅसिफिककडून येणारे ढग अडवते. पश्चिम उतारावर भरपूर बर्फ पडते आणि पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. कोकण आणि माणदेश यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. डेथ व्हॅलीत वर्षाकाठी साधारण ५० ते ६० मिलिमीटर पाऊस पडतो. १० जुलै १९१३ रोजी तेथील फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले आणि जागतिक हवामान संघटना आजही तोच जागतिक उच्चांक मानते. याच दरीत ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने हिमयुगातील मॅन्ली सरोवराच्या जागी पुन्हा उथळ पाणी साठले आणि ते काही महिने टिकले.

सिएरा पर्वत आणि पूर्वेकडील व्हाइट व इन्यो डोंगररांगा यांच्यामध्ये ओवेन्स नदीचे अरुंद, लांबट खोरे आहे. काउंटीतील बहुतेक लोकवस्ती येथेच असून बिशप, बिग पाइन, इंडिपेन्डन्स आणि लोन पाइन ही गावे ३९५ क्रमांकाच्या महामार्गावर ओळीने वसलेली आहेत. पाऊस नसला तरी सिएराचे बर्फ वितळून अनेक ओढे या खोऱ्यात उतरतात. या काउंटीचा सगळा इतिहास त्या ओढ्यांच्या पाण्याभोवती फिरतो. व्हाइट डोंगररांगेत ब्रिसलकोन पाइन जातीची झाडे आहेत. एडमंड शुल्मन यांनी १९५७ मध्ये त्यांतल्या एका झाडाचे वय ४,६०० वर्षांहून अधिक असल्याचे दाखवून दिले. ते झाड आजही जिवंत आहे आणि कोणी त्याला इजा करू नये म्हणून त्याची नेमकी जागा जाहीर केली जात नाही.

येथील मूळ रहिवासी कोण?

ओवेन्स खोऱ्यात पायूट लोक आणि डेथ व्हॅलीच्या परिसरात टिंबिशा शोशोनी लोक पूर्वापार राहत आले आहेत. पायूट लोक या खोऱ्याला पायाहूनाडू, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी, असे म्हणतात. अमेरिकी वसाहतदार येथे येण्याच्या आधीपासून त्यांची स्वतःची सिंचनव्यवस्था होती. ओढ्यावर झाडझाडोरा, दगड आणि चिखल यांचा बांध घालून ते पाटाने पाणी नेत आणि त्यावर रानकंद व बीधान्य वाढवत. बिशप ओढ्यावर तर दर वसंतात लोक सर्वसंमतीने एक पाटकरी निवडत आणि जमिनीचा कस टिकावा म्हणून एका वर्षी एका बाजूच्या, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या रानाला पाणी देत. या प्रदेशातील पहिले निवडून दिलेले पद कोणते असे मला कोणी विचारले, तर मी या पाटकऱ्याचेच नाव घेईन.

१८६१ च्या सुमारास पशुपालक आपले कळप घेऊन खोऱ्यात शिरले आणि जनावरांनी ही राने तुडवली. उपासमारीच्या कडेला आलेल्या पायूटांनी गुरे मारून खायला सुरुवात केली आणि त्यातून युद्ध पेटले. ४ जुलै १८६२ रोजी लष्कराने येथे छावणी उभारली. स्वातंत्र्यदिनी उभी राहिली म्हणून तिचे नाव कॅम्प इंडिपेन्डन्स पडले. सैनिकांनी अन्नसाठे जाळले, माणसे मारली, आणि जुलै १८६३ मध्ये नऊशेहून अधिक पायूटांना ऐन उन्हाळ्यात पायी चालवत फोर्ट तेहोन येथे नेले. त्यांतले अनेक जण पुढे परतले, पण तोवर पाण्यालगतच्या जमिनी इतरांच्या नावावर झाल्या होत्या आणि आपल्याच जुन्या रानांवर त्यांना मजूर म्हणून राबावे लागले.

काउंटीची स्थापना केव्हा झाली?

१८६४ मध्ये विधिमंडळाने या भागासाठी कोसो नावाची काउंटी मंजूर केली होती, पण ती प्रत्यक्षात उभीच राहिली नाही. १८६६ मध्ये मोनो आणि तुलेअरी काउंट्यांचा भाग तोडून इन्यो काउंटी निर्माण झाली आणि पुढील काही वर्षांत तिच्यात आणखी प्रदेश जोडला गेला.

तो काळ अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धाचा होता, आणि त्याच्या खुणा येथील नावांत उरल्या आहेत. लोन पाइनजवळच्या टेकड्यांना दक्षिणेच्या बाजूच्या खाणकामगारांनी आपल्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेचे नाव दिले. ती नौका उत्तरेच्या ‘कियरसार्ज’ने बुडवली, तेव्हा थोड्या उत्तरेला असलेल्या संघराज्यनिष्ठ खाणकामगारांनी आपल्या खाणीला कियरसार्ज हे नाव ठेवले. तेथील खिंड आजही त्याच नावाने ओळखली जाते. भारतीय वाचकांना या अलाबामा टेकड्या नकळत परिचयाच्या असतील, कारण १९३९ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटात ब्रिटिश हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत म्हणून जे खडकाळ रान दिसते, त्याचे चित्रीकरण येथेच झाले होते.

खाणींनी या भागाला काय दिले?

सर्वांत मोठे नाव सेरो गोर्दोचे. १८६५ मध्ये पाब्लो फ्लोरेस आणि त्यांच्या सोबत्यांना ओवेन्स सरोवराच्या वरच्या डोंगरात चांदी सापडली, आणि पुढे मॉर्टिमर बेलशॉ व व्हिक्टर ब्यूद्री यांनी तेथे भट्ट्या उभारल्या. चांदी व शिशाच्या लगडी रेमी नादो यांच्या खेचरांच्या गाड्यांनी लॉस एंजेलिसला जात. लॉस एंजेलिस तेव्हा लहान शहर होते आणि तेथील दाणावैरण, दुकानदारी व बंदराची उलाढाल या व्यापारावर वाढली. ज्या शहराने पुढे इन्योचे पाणी नेले, त्याच्या सुरुवातीच्या भरभराटीत इन्योच्या चांदीचाही हात होता. डेथ व्हॅलीतून १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी कारखान्याचा टाकणखार वीस खेचरे जुंपलेल्या गाड्यांनी २६० किलोमीटरहून अधिक अंतरावरील मोहावे रेल्वेस्थानकापर्यंत नेला जात असे.

१८७२ च्या भूकंपाबद्दल ऐकले आहे, ते काय?

२६ मार्च १८७२ च्या पहाटे झालेला हा भूकंप कॅलिफोर्नियाच्या नोंदलेल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक आहे. लोन पाइनमधील बहुतेक सर्व कच्च्या विटांची घरे कोसळली आणि २७ माणसे दगावली. त्यांच्यापैकी काहींची सामूहिक दफनभूमी गावाच्या उत्तरेस महामार्गालगत आहे.

लॉस एंजेलिसने येथील पाणी कसे नेले?

१९०४ च्या सुमारास दोन योजना एकाच वेळी चालू होत्या. संघराज्य सरकारचे भूसुधार खाते ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांसाठी धरण व कालव्यांची पाहणी करत होते आणि शेतकरी मोठ्या आशेने त्याला माहिती पुरवत होते. त्याच वेळी लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन येथे जमिनी आणि पाणीहक्क विकत घेत फिरत होते. ते शहरासाठी खरेदी करत आहेत हे अनेक विक्रेत्यांना ठाऊक नव्हते. भूसुधार खात्याचे वरिष्ठ अभियंता जोसेफ लिपिंकॉट हे ईटन यांचे स्नेही होते आणि शहराकडून सल्लागार म्हणून पैसेही घेत होते. जुलै १९०५ मध्ये ही बातमी वृत्तपत्रात फुटली, तोवर मोक्याच्या जागा हातच्या गेल्या होत्या. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराचे हित अधिक व्यापक मानले, सरकारी सिंचन योजना गुंडाळली गेली, आणि पुढे नवे वसाहतदार येऊ नयेत म्हणून खोऱ्यातील वृक्षहीन जमीनही वनराखीव क्षेत्रात घालण्यात आली.

विल्यम मुलहॉलंड यांच्या देखरेखीखाली १९०८ ते १९१३ या काळात ३७५ किलोमीटर लांबीची जलवाहिनी बांधली गेली. तिच्यात पाणी कुठेही पंपाने उचलावे लागत नाही, सगळा प्रवास उताराने होतो. अभियांत्रिकीचा नमुना म्हणून ती असामान्य आहे, यात शंका नाही. ज्या मार्गाने ते पाणी मिळवले गेले तो मात्र मला अन्यायाचाच वाटतो, आणि पायूट व शेतकरी या दोघांच्या बाजूने पाहिले तर दुसरा निष्कर्ष काढणे कठीण आहे.

लोकांनी विरोध केला नाही का?

पहिली काही वर्षे दोन्ही गरजा कशाबशा भागल्या. १९२० च्या दशकात दुष्काळ पडला, शहर झपाट्याने वाढले, आणि शहराने खोऱ्याच्या उत्तर भागातील शेते व पाटही विकत घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या दोघांनी विकले की पाटाच्या देखभालीचा खर्च उरलेल्या एकावर पडे आणि त्यालाही विकणे भाग पडे. २१ मे १९२४ रोजी जलवाहिनीचा काही भाग सुरुंगाने उडवण्यात आला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला मार्क वॉटरसन यांच्या नेतृत्वाखाली खोऱ्यातल्या माणसांनी जलवाहिनीवरचे अलाबामा दरवाजे ताब्यात घेतले आणि सगळे पाणी जुन्या नदीपात्रात सोडून दिले. बायका-मुले जेवण घेऊन तिथे जमली आणि चार दिवस हा ताबा टिकला. शेरीफने बळाचा वापर केला नाही आणि देशभरातील वृत्तपत्रांनी दखल घेतली, तरी करार झाला नाही.

चळवळ मोडली ती ऑगस्ट १९२७ मध्ये. मार्क आणि विल्फ्रेड वॉटरसन हे बंधू खोऱ्यातील बँका चालवत होते. त्या बँका बुडाल्या, अफरातफरीबद्दल दोघांना तुरुंगवास झाला आणि असंख्य कुटुंबांची ठेव गेली. त्यानंतर विकण्यावाचून पर्याय उरला नाही. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत खोऱ्यातील जवळजवळ सर्व शेतजमीन आणि गावांतील बहुतांश मालमत्ताही लॉस एंजेलिसची झाली होती.

ओवेन्स सरोवराचे पुढे काय झाले?

सुमारे २८० चौरस किलोमीटरचे हे खारे सरोवर १९२० च्या दशकातच कोरडे पडले. उघड्या पडलेल्या तळावरून वाऱ्याबरोबर उठणारी बारीक, क्षारयुक्त धूळ पुढे अमेरिकेतील सूक्ष्म धूलिकणांचा सर्वांत मोठा एकल स्रोत ठरली. कीलर आणि लोन पाइनच्या लोकांनी ती अनेक दशके श्वासातून घेतली.

१९७० मध्ये शहराने दुसरी जलवाहिनी सुरू केली आणि तिच्यासाठी भूजलाचा उपसा वाढवला, तेव्हा झरे आटले व कुरणे सुकली. १९७२ मध्ये काउंटीने राज्याच्या नव्या पर्यावरण कायद्याखाली दावा ठोकला. एकोणीस-वीस हजार वस्तीच्या काउंटीने देशातल्या बलाढ्य शहराविरुद्ध हा खटला दशकानुदशके नेटाने लढवला, ही माझ्या मते तिच्या कारभारातील सर्वांत मोठी कामगिरी आहे. १९९१ मध्ये उपशावर देखरेख ठेवणारा दीर्घकालीन पाणीकरार झाला. नदीचा खालचा सुमारे १०० किलोमीटरचा कोरडा पट्टा पुन्हा वाहता करण्याचे काम शहराने लांबवले, तेव्हा न्यायालयाने रोज ५,००० डॉलरचा दंड लावला आणि ६ डिसेंबर २००६ रोजी त्या पात्रात पाणी सोडण्यात आले.

सरोवराच्या तळावर उथळ पाणी सोडणे, गवत लावणे आणि खडी पसरणे असे उपाय २००१ पासून सुरू झाले. बिशपस्थित प्रादेशिक हवा नियंत्रण संस्थेने ते शहराला करायला लावले आणि त्यांवर शहराचे दोन अब्जांहून अधिक डॉलर खर्च झाले आहेत. धूळ खूपच कमी झाली, आणि जिथे उथळ पाणी आहे तिथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने परतले आहेत.

मांझनार याच काउंटीत आहे ना?

होय, लोन पाइन आणि इंडिपेन्डन्स यांच्या मध्ये. १९१० मध्ये येथे सफरचंदांच्या बागांचे गाव वसले होते. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसने जमिनी घेतल्यावर ते ओस पडले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सर्व लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्यांच्यासाठी उभारलेल्या दहा छावण्यांपैकी एक शहराच्या मालकीच्या याच जमिनीवर उभी राहिली. काटेरी तारा आणि टेहळणी मनोऱ्यांच्या आत दहा हजारांहून अधिक माणसे होती. त्यांच्यातील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते आणि त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. काउंटीतील सर्वांत मोठी वस्ती काही वर्षे ही छावणीच होती. डिसेंबर १९४२ मधील दंगलीत लष्करी पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मरण पावले. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली.

१९६९ पासून माजी बंदिवान आणि त्यांचे वंशज येथे स्मरणयात्रा काढू लागले. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायद्याद्वारे माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली आणि १९९२ मध्ये मांझनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. दफनभूमीतील १९४३ चा शुभ्र स्तंभ पाहिल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

काउंटीची जमीन नेमकी कोणाची आहे?

काउंटीचा सगळा कारभार या एका प्रश्नात अडकलेला आहे. सुमारे ९२ टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. तिच्यात डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान, इन्यो राष्ट्रीय वन, भूव्यवस्थापन खात्याची माळराने आणि नौदलाच्या चायना लेक तळाचा भाग येतो. काही टक्के जमीन राज्याकडे, तर सुमारे अडीच लाख एकर लॉस एंजेलिसच्या पाणी व वीज खात्याकडे आहे. खासगी मालकीत दोन टक्क्यांहूनही कमी जमीन उरते. त्यामुळे घरे बांधायला जागा मिळत नाही, गावे वाढू शकत नाहीत आणि तरुण बाहेर जातात. पर्यवेक्षक मंडळाला लोकांनी निवडून दिलेले असले, तरी त्याच्या भूभागातील बहुतेक निर्णय वॉशिंग्टन, राज्याची राजधानी सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसमध्ये होतात.

यालाही दुसरी बाजू आहे. राज्यघटनेतील खास तरतुदीनुसार लॉस एंजेलिस आपल्या येथील जमिनींवर काउंटीला मालमत्ता कर भरते, आणि संघराज्य सरकारही करमुक्त जमिनींच्या बदल्यात काही रक्कम देते. शिवाय शहराच्या मालकीमुळेच हे खोरे मोकळे राहिले आहे. पशुपालक तिथल्या जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन गुरे चारतात आणि मासेमारी व भटकंतीसाठी बराचसा भाग सर्वांना खुला आहे.

मूळ जमातींचे स्वतःचे शासन आहे का?

आहे. बिशप, बिग पाइन, फोर्ट इंडिपेन्डन्स, लोन पाइन आणि टिंबिशा शोशोनी अशा पाच जमातींना संघराज्य सरकारची मान्यता आहे. प्रत्येकीची निवडलेली परिषद असून त्या काउंटीच्या हाताखाली येत नाहीत. फौजदारी कायदा मात्र येथे राज्याचाच चालतो. १९३७ च्या कायद्याने संघराज्य सरकारने पायूटांसाठी राखलेली सुमारे २,९०० एकर जमीन लॉस एंजेलिसला दिली आणि बदल्यात बिशप, बिग पाइन व लोन पाइन येथील सुमारे १,४०० एकर घेतली. शहराच्या सनदेनुसार दोन तृतीयांश मतदारांच्या संमतीविना पाणीहक्क देता येत नव्हते, म्हणून तो प्रश्न पुढे ढकलला गेला आणि अजूनही सुटलेला नाही. टिंबिशांची कथा वेगळी आहे. १९३३ मध्ये त्यांच्या वस्तीभोवती राष्ट्रीय स्मारक घोषित झाले आणि त्यांना हुसकावण्याचे प्रयत्न झाले. १९८३ मध्ये त्यांना मान्यता मिळाली आणि २००० च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानातच त्यांना स्वतःची भूमी परत देण्यात आली.

लोक काय करतात आणि राजकारण कसे आहे?

सरकारी नोकऱ्या, पर्यटन आणि पशुपालन हे मुख्य आधार आहेत. दहापैकी एकाहून अधिक रहिवासी मूळ अमेरिकी जमातींचे आणि पाचापैकी एकाहून अधिक लॅटिनो आहेत. राष्ट्रीय निवडणुकीत काउंटी दीर्घकाळ रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली होती. २०२० मध्ये मात्र जो बायडेन येथे अवघ्या १४ मतांनी पुढे राहिले. डीप स्प्रिंग्ज नावाचे १९१७ मध्ये स्थापन झालेले एक छोटे महाविद्यालयही याच काउंटीतील एका निर्जन दरीत आहे. तेथे तीसेक विद्यार्थी अभ्यासाबरोबर गुरांची निगा राखतात, स्वयंपाक करतात आणि संस्थेच्या कारभारातही भाग घेतात.

भेट द्यायची असेल तर काय लक्षात ठेवावे?

डेथ व्हॅलीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात तेथे पायी भटकणे जिवावर बेतू शकते. व्हिटनीच्या मुख्य वाटेने चढण्यासाठी परवाना लागतो आणि हंगामातील परवाने सोडतीने दिले जातात. ब्रिसलकोन झाडांकडे जाणारा उंचावरचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. पेट्रोल आणि पिण्याचे पाणी मोठ्या गावातच भरून घ्यावे, कारण पुढे बऱ्याच अंतरावर दुकानही नाही आणि मोबाइलला संपर्कही मिळत नाही. काउंटीचा कारभार पाहायचा असल्यास इंडिपेन्डन्स येथील पर्यवेक्षक मंडळाच्या बैठका राज्याच्या कायद्यानुसार सर्वांना खुल्या असतात आणि बाहेरगावच्या माणसालाही तिथे बसता येते.